भिशीचे नऊ हजार आणि सप्ताहाच्या सीड्या

ताई, खानापूर तालुक्यातल्या तुमच्या गावच्या सप्ताहातली भजनं तुम्ही मोबाईलवर रेकॉर्ड केलीत आणि ती सीडीवर साठ घरी पोचवायची आहेत. कॉम्प्युटर २००९चा, २ जीबी रॅमचा. त्यावर सीडी वाजते, पण राइट होत नाही. भिशीचे ९,००० रुपये हातात आलेत. यूएसबीला जोडायचा रायटर १,६०० रुपयांना मिळतोय. दुकानदार मात्र म्हणतो, जुन्याला पैसे लावू नका, ३२,००० चा नवा घ्या, २,९५० चे बारा हप्ते.

हप्ते नकोत. ते ३५,४०० होतात, म्हणजे ३,४०० वरचे, आणि या कामाला नवं मशीन लागतच नाही. जुनं मशीन दमतं ते व्हिडिओची डीव्हीडी करताना, कारण राइट करण्याआधी अख्खा व्हिडिओ डीव्हीडीच्या फॉरमॅटमध्ये बदलावा लागतो. भजनाची फाईल एमपी३ करणं त्यामानाने हलकं. ७०० एमबीची सीडी १६एक्सने, म्हणजे सीडीच्या मूळ वेगाच्या सोळापट वेगाने, लिहिताना सेकंदाला जेमतेम २.४ एमबी जातात. तुमचं मशीन आणि यूएसबी २.० एवढं सहज पुरवतात. पाच-सहा मिनिटांत एक सीडी. फक्त वायर कॅबिनेटच्या मागच्या पोर्टला लावा, पुढच्या पोर्टला कधीकधी वीज कमी पडते. आणि मध्येच लाईट गेली तर ती सीडी वाया जाते, तेव्हा दोन-चार जास्तीच्या ठेवा.

आता हिशोब. बेळगावच्या खडेबाजारात एक सीडी करून द्यायचे कोऱ्या सीडीसकट ५० रुपये घेतात असं तुम्ही लिहिलंय, आणि कोरी सीडी तुम्हाला १८ ला पडते. एकीमागे ३२ वाचले, की ५० सीड्यांत रायटरचे पैसे वसूल. साठ घरं धरली तर पहिल्याच वर्षी. पण साठ घरांत चालू प्लेअर किती आहेत? माझ्या वडिलांचा प्लेअर आजही कपाटावर आहे, वर विणलेला रुमालसुद्धा आहे, पण दोन वर्षांपासून त्याचा ट्रे उघडत नाही. म्हणून आधी वही घेऊन घरोघर विचारून या. प्लेअर एमपी३ वाजवतो का, हेही विचारा. वाजवत असेल तर १२८ केबीपीएसने (हा एमपी३च्या आवाजाचा दर्जा) एका सीडीत बारा तासांची भजनं मावतात. नसेल तर ऑडिओ सीडी करावी लागते, तीत ८० मिनिटंच, मग सात दिवसांसाठी एकेका घराला कितीतरी सीड्या. वहीत पन्नासहून जास्त सीड्या भरल्या तर रायटर बेलाशक घ्या. वीस-पंचवीसच भरल्या तर खडेबाजारातून करून आणा, बाकीच्यांना पेनड्राइव्हवर द्या.

कॅबिनेटच्या आत बसवायचा रायटर स्वस्त पडेल, तरी घेऊ नका. हा कॉम्प्युटर गेला की तो तिथेच अडकतो. बाहेरचा उद्याच्या लॅपटॉपलाही चालेल, कारण नव्या लॅपटॉपला बहुधा सीडी ड्राइव्हच नसतो.

मला खरी काळजी मूळ रेकॉर्डिंगची आहे. मोबाईलमधून काढून ते तुम्ही फक्त त्या २००९च्या हार्ड डिस्कवर ठेवलंय. ती बसली तर त्या म्हाताऱ्या बुवांचा आवाज पुन्हा मिळायचा नाही. सीडीवर भरवसा ठेवू नका, कणकुंबीकडच्या पावसातली ओल तिलाही बाधते. भिशीतूनच दोन पेनड्राइव्ह घ्या, दोन्हींवर सगळं उतरवा, एक तुमच्याकडे आणि एक बेळगावच्या लेकीकडे. रायटरचं ठरायला महिना लागू दे, हे याच आठवड्यात करा.