नवी प्रणाली किती भार पेलेल हे सिम्युलेशनने ठरवावं, की लोड टेस्ट पुरते?

‘लोड टेस्ट पास झाली, मग सिम्युलेशन कशाला?’ असं तुमचे लीड म्हणतात, असं तुम्ही लिहिलंय. हेच वाक्य मी अकरा वर्षांपूर्वी पुण्यात ऐकलं होतं. अजून सलतं. (लोड टेस्ट म्हणजे खऱ्या प्रणालीवर खोटे वापरकर्ते सोडून ती ताणून पाहणं; सिम्युलेशन म्हणजे प्रणालीची नक्कल प्रोग्रॅममध्ये चालवून पाहणं.)

परीक्षेचे निकाल दाखवणारी साइट होती. डेटाबेसची ४० कनेक्शनं, प्रत्येक विनंती एक कनेक्शन साधारण २०० मिलिसेकंद अडवायची. म्हणजे सेकंदाला २०० विनंत्या, संपलं. मला धास्ती रिफ्रेशची होती. पान उघडलं नाही की मुलं पाच सेकंदांत पुन्हा बटण दाबतात आणि जुनी विनंती आत तशीच चालू राहते. हे सगळं मी सिमपायमध्ये, म्हणजे पायथनच्या सिम्युलेशन लायब्ररीत, मांडलं. सेकंदाला १८० जण आले तर सुरळीत. २१० झाले की रांग फुगत गेली, आणि नंतर आवक १५० वर आणली तरी ओसरेना.

तिथले लीड म्हणाले, कागदी घोडे नाचवू नकोस. त्यांच्या लोड टेस्टमधला प्रत्येक खोटा वापरकर्ता उत्तर येईपर्यंत पुढची विनंती पाठवतच नव्हता. सर्व्हर मंदावला की भारही आपोआप मंदावायचा! रांग दिसणार कुठून? खरी मुलं कुणासाठी थांबत नाहीत.

दुपारी एकला निकाल लागला. साइट चारपर्यंत आडवी. अहवालात कारण लिहिलं, ‘अनपेक्षित गर्दी’. अनपेक्षित कशी? आकडा माझ्या मेलमध्ये तीन आठवडे आधीपासून होता.

सिम्युलेशनला पोरखेळ म्हणणाऱ्यांना ॲलन शेर यांचं काम दाखवा. १९६५ साली एमआयटीत त्यांनी सीटीएसएस या टाइम-शेअरिंग प्रणालीचं (एकच संगणक एकाच वेळी अनेकांना वापरू देणारी) मॉडेल केलं आणि ते प्रत्यक्ष मोजमापांशी ताडून पाहिलं. साधं मॉडेलसुद्धा छान जुळलं.

तुमच्यापुरतं सांगायचं तर आधी कागदावर गणित करा. १० मिलिसेकंदांचं काम, एकच सर्व्हर, आवक आणि कामाचा वेळ दोन्ही यादृच्छिक: ५० टक्के व्यग्र असताना सरासरी २० मिलिसेकंद लागतात, ९५ टक्क्यांना २००. या गणितातच प्रणाली तुमच्या भाराला अपुरी ठरली तर सिम्युलेशन लिहूच नका. रिफ्रेश, टाइमआउट, मर्यादित कनेक्शनं असं काही असेल तरच लिहा, आणि लोड टेस्ट ठरलेल्या दराने विनंत्या सोडणारी करा.

हो, एक राहिलं. कामाचे वेळ खऱ्या लॉगमधून घ्या, सुरुवातीचा रिकाम्या रांगेचा काळ आकड्यांतून वगळा, निरनिराळ्या सीडने (यादृच्छिक आकडे ज्यापासून तयार होतात तो सुरुवातीचा आकडा) निदान वीसदा चालवा. आणि अंदाज लेखी पाठवा, तारखेसकट.