महानगर गॅस नेमकी कोणाची? वाचकांच्या शंका

प्रश्न : महानगर गॅस ही सरकारी कंपनी आहे का?

मुंबई परिसरात सीएनजी आणि पाइप गॅस पुरवणारी ही कंपनी कायद्याच्या भाषेत सरकारी नाही. केंद्राच्या गेल या गॅस कंपनीचा वाटा 32.5 टक्के आणि महाराष्ट्र सरकारचा 10 टक्के. बाकीचे शेअर म्युच्युअल फंड, विमा कंपन्या आणि तुमच्याआमच्यासारख्यांकडे. सरकारी कंपनी ठरायला सरकारचा वाटा किमान 51 टक्के लागतो, किंवा ती सरकारी कंपनीची उपकंपनी असावी लागते. पण प्रवर्तक (प्रमोटर) म्हणून गेलचा शब्द चालतो, त्यामुळे ‘खाजगी’ म्हणतानाही जीभ अडखळते.

प्रश्न : जुन्या कागदपत्रांत ब्रिटिश गॅसचं नाव दिसतं. ती कुठे गेली?

1995 साली कंपनी स्थापन झाली ती गेल आणि ब्रिटिश गॅसच्या भागीदारीत. तिकडे 1997 मध्ये ब्रिटिश गॅसची विभागणी झाली आणि मुंबईतली गुंतवणूक बीजी समूहाकडे राहिली. फेब्रुवारी 2016 मध्ये शेल या तेल कंपनीने बीजीच विकत घेतली, म्हणजे मुंबईत काही न करता शेल इथली भागीदार झाली! त्याच वर्षी जूनमध्ये 421 रुपयांनी आयपीओ, म्हणजे शेअरची पहिली जाहीर विक्री, आला. दोन्ही प्रवर्तकांनी प्रत्येकी 12.5 टक्के हिस्सा विकला. कंपनीच्या तिजोरीत त्यातला पैसाही आला नाही. पुढे 2018 आणि 2019 मध्ये शेलने उरलेला वाटा टप्प्याटप्प्याने विकला. त्या जागी नवा प्रवर्तक आलाच नाही, शेअर बाजारात पांगले. आजच्या मालकीचं चित्र तिथून आलंय.

प्रश्न : एमडी (व्यवस्थापकीय संचालक) कोण ठरवतं?

नेमणूक संचालक मंडळ करतं, माणूस गेलमधून येतो.

प्रश्न : नवे एमडी आले की शेअर घ्यावा का?

नुसत्या नावावर नको. सीएनजी आणि घरगुती पाइप गॅससाठी देशी स्वस्त गॅस किती मिळणार, हे केंद्र सरकार ठरवतं. 2024 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ते वाटप लागोपाठ कापलं गेलं आणि शहरी गॅस कंपन्यांचे शेअर गडगडले. त्यात कोणत्याच एमडीचा दोष नव्हता. एमडीची पारख होते ती तूट भरून काढताना: महाग एलएनजीचे (आयात केलेल्या द्रवरूप गॅसचे) करार कसे केले, दरवाढ किती आणि कधी केली. दिलाशाला गॅसपुरवठ्याचे नवे प्रदेशही आहेत. फेब्रुवारी 2024 मध्ये 531 कोटींना युनिसन एन्व्हायरो ही गॅस वितरण कंपनी घेतल्याने रत्नागिरी, लातूर, धाराशिव आणि कर्नाटकातले चित्रदुर्ग, दावणगेरे पदरात पडले. तिथे पाइप टाकायचा वेग मी दर तिमाहीला पाहतो. अध्यक्षांचं भाषण मात्र वगळतो.