सून महालक्ष्मीपुढे वाकली नाही

पत्र

नमस्कार ताई,

यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याकडे आमचं गाव. कोरडवाहू शेती, कापूस-सोयाबीन. मागच्या उन्हाळ्यात मुलाचं लग्न झालं. सून चांदूर बाजाराकडची. माहेरचे सगळे महानुभाव पंथाचे, तिनंही त्या पंथाचा उपदेश घेतलेला. सोयरीक जुळवताना 'घर शाकाहारी आहे, कृष्णाला मानतात' एवढं ऐकलं आणि पुढचं आम्ही विचारलं नाही. भादव्यात घरी महालक्ष्म्या बसल्या. सून पहाटेपासून माझ्यासोबत राबली, सोळा भाज्या चिरल्या, फुलोरा तळला. पण आरतीला आली नाही, पाया पडली नाही, प्रसादही घेतला नाही. रात्री मागच्या खोलीत सकाळची भाकर आणि जवसाची चटणी खाताना दिसली. सवाष्णींच्या पंगतीत माझी जाऊ सगळ्यांदेखत बोलली, "तुह्या सुनेले आपले देव चालत नाही काय वं?" धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. पंधरा दिवसांत सोयाबीन पिवळं पडलं, तेही तिच्याच माथी मारलं. आमच्या गावात बौद्ध घरं आहेत. ते आमचे देव मानत नाहीत, पण त्याचं मला कधी काही वाटलं नाही. मग सुनेचंच एवढं का लागतं? आता तिला दिवस गेलेत आणि महालक्ष्म्या पुन्हा दोन महिन्यांवर आल्यात. लेकरू कोणत्या देवाच्या पायावर घालायचं? तिला कसं समजावू?

उत्तर

ताई,

सोयाबीनचं आधी उरकते. पिवळा मोझॅक हा विषाणूचा रोग आहे, पांढरी माशी तो एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेते. तुमच्या जावेचं वावरही त्याच शिवारात असेल. तिथलं सोयाबीन हिरवंगार राहिलं होतं का? पोटुशी पोर आहे, पिकाचं खापर तिच्या डोक्यावर पुन्हा कुणी फोडू नये हे तुम्हीच पाहायचं. घरात तो अधिकार तुमचाच आहे.

आता तुम्ही सहज लिहून गेलात त्या ओळीकडे येते. ज्या देवीला ती भजत नाही, तिच्या फुलोऱ्यासाठी ती दिवसभर कढईपुढे उभी राहिली. हे तिनं कुणासाठी केलं? तुमच्यासाठी. आणि रात्री ती शिळी भाकर खात होती. पत्रातल्या बाकी सगळ्या गोष्टींपेक्षा मला ती भाकर जास्त लागली. सणाच्या दिवशी, भरल्या घरात, स्वतःच्या हातानं रांधलेल्या अन्नातलं तिला काही खाता आलं नाही, आणि ते तिनं कुणाला बोलूनही दाखवलं नाही.

तिच्या नकारामागे काय आहे, ते तुम्ही समजून घ्यावं असं मला वाटतं. महानुभाव पंथात जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार वेगळे मानतात. मुक्ती देणारा एक परमेश्वर, देवता नव्हेत. म्हणून उपदेश घेतलेली माणसं श्रीकृष्ण, दत्तात्रेय, चक्रपाणी, गोविंदप्रभू आणि चक्रधर या पंचकृष्णांखेरीज कुणाची पूजा करत नाहीत, दुसऱ्या देवाचा प्रसादही घेत नाहीत. हे तुमच्या सुनेनं सासरी येऊन काढलेलं खूळ नाही. तेराव्या शतकापासून चालत आलेली ही वाट आहे, आणि तीही आपल्याच वऱ्हाडातली. गोविंदप्रभूंचं रिद्धपूर मोर्शी तालुक्यात आहे. म्हाइंभटांनी तिथेच लीळाचरित्र, म्हणजे चक्रधरांच्या आठवणींचा ग्रंथ, लिहिलं, ज्ञानेश्वरीच्याही आधी. ज्या काळात बाईला शिवायचं की नाही यावर वाद होत, त्या काळात चक्रधरांनी विटाळ मानला नाही आणि बायकांना संन्यासाचा अधिकार दिला. मराठीतली पहिली कवयित्री मानतात ती महदाइसा त्यांचीच शिष्या, आणि तिनं धवळे, म्हणजे लग्नात गायची गाणी, रचले ते कौंडिण्यपूरच्या रुक्मिणीच्या लग्नाचे. अशा पंथाला आपण काय दिलं? 'करणी कसाबाची, बोलणी मानभावाची' ही म्हण. मानभाव म्हणजे महानुभावच. एका अख्ख्या पंथावर ढोंगाचा आणि एका धंद्यावर क्रूरपणाचा शिक्का मारणारं हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या पोरांनी पाठ केलं. तुमची जाऊ पंगतीत जे बोलली, ते तिच्या एकटीच्या डोक्यातून आलेलं नाही.

मग सुनेचंच का लागतं? माझ्या मते दोन गोष्टी आहेत.

पहिली म्हणजे महालक्ष्म्या हा तुमच्याकडे नुसता देव नाही, कुळाचार आहे. सासूनं तुम्हाला दिला, तुम्ही सुनेला द्यायचा. ती वाकली नाही तेव्हा तुमच्या मनात आलं असेल, 'माझ्यामागं मुखवटे कोण मांडेल?' ही भीती खरी आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण तिचं रूप बदललं की ती रागासारखी दिसायला लागते. त्यातच दुसऱ्यानं हात जोडले नाहीत की आपल्याला वाटतं, आपल्या आयुष्यभराच्या भक्तीला ती खोटं म्हणतेय. सुनेच्या मनात तसं काही असेलच असं नाही. तिनं तिचं व्रत पाळलं, तुमच्या भक्तीचा निवाडा केला नाही. माणसं श्रद्धेवरून एकमेकांना तोलतात ती बहुतेक वेळा इथेच घसरतात. समोरचा स्वतःपुरतं काही ठरवतो आणि आपण ते आपल्यावर ओढून घेतो.

दुसरी गोष्ट बोलायला जड आहे, पण तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. बौद्ध शेजाऱ्यांचं तुम्हाला काही वाटलं नाही, याचं कारण सहनशीलता असेलच असं मला वाटत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी दीक्षा घेतली, लाखोंना दिली, आणि त्यांच्या बावीस प्रतिज्ञांमध्ये जुने देव न मानण्याच्या प्रतिज्ञा आहेत. विदर्भातल्या गावागावांत त्या पाळणारी घरं आहेत. पण तुमच्या पंगतीला त्यांच्यातलं कुणी कधी बसलं होतं का? त्यांच्याकडच्या लग्नाला तुम्ही जेवायला थांबलात का? नसाल, तर ती माणसं तुमच्या चुलीपासून लांब होती म्हणून तुम्हाला त्रास झाला नाही. लांबून कुणालाही सहन करता येतं. सून चुलीशी आली, तेव्हा पहिल्यांदा हा प्रश्न तुमच्या घरात शिरला.

तिला कसं समजावू, असं विचारलंत. समजावू नका. विशेषतः 'सगळे देव एकच असतात गं' हे वाक्य टाळा. तुम्ही ते चांगल्या मनानं म्हणाल, पण तिच्या पंथाचा पायाच परमेश्वर आणि देवता वेगळे असण्यावर आहे. तिच्या कानाला ते 'तुझं सोड आणि आमच्यात ये' असंच ऐकू येईल. दोघींचं पटायला हवं असं कुठे आहे? ती तुमच्या देवीपुढे वाकणार नाही आणि तुम्ही मुखवटे मांडणं सोडणार नाही. एका घरात दोन्ही राहू द्या. संविधानातलं कलम २५ विवेकस्वातंत्र्य देतं, ते सुनेलाही देतं.

आधी तिच्याशी एकटीशी बोला, मुलाला मध्ये न घेता. 'तुला काय चालतं, काय नाही, ते सांग, मला माहीत नाही' एवढंच म्हणा. नैवेद्य दाखवायच्या आधी तिच्यापुरतं पुरण, भाज्या, आंबील बाजूला काढून ठेवली तर चालेल का, हे विचारा. 'हो' म्हणाली, तर तिचं ताट तुमच्या हातानं वाढा. 'नाही' म्हणाली, तर तिच्यासाठी वेगळं काहीतरी ताजं रांधा. पण भरल्या घरात तिनं शिळं खायचं नाही. महालक्ष्म्यांच्या चार-सहा दिवस आधी, भाद्रपद शुद्ध द्वितीयेला, चक्रधरस्वामींचा अवतार दिन येतो. त्या दिवशी ती काय करते? मागच्या वर्षी केलं का? घरात कुणाला कळलं तरी का? यंदा तो घरात उघड होऊ द्या. तुम्ही हात जोडलेच पाहिजेत असं नाही. तिनं तुमच्यासाठी फुलोरा तळला, तसं तुम्ही तिच्यासाठी काही करून घाला.

जाऊ पुन्हा बोलेलच. तेव्हा मान खाली घालू नका आणि सुनेची बाजू मांडत बसू नका. सरळ सांगा, "माह्या सुनेनं सकाळपासून सारं रांधलं. तिचा देव तिच्याजवळ, माझा माझ्याजवळ. तुले वरण वाढू काय?" एकदा सासूच अशी उभी राहिली की पंगतीतल्या बाकीच्या गप्प बसतात. मुलगा अजून काहीच बोललेला दिसत नाही. त्याचं हे गप्प राहणं मला पटत नाही. काकूला उत्तर देणं त्याचंही काम आहे, हे त्याला सांगा.

सुनेकडूनही काही मागायचा तुम्हाला हक्क आहे. तुमच्या देवीला तिनं नावं ठेवायची नाहीत, तुमच्या पूजेला उपदेश करायचा नाही, आणि नवऱ्यानं कुठे वाकायचं हे त्याचं त्याला ठरवू द्यायचं. तिनं यातलं काही मोडलं, तर जरूर रागवा. तो राग तिच्या वागण्याचा असेल, तिच्या देवाचा नाही.

लेकराचं मात्र आत्ताच बोलून ठेवा, बाळंत झाल्यावर नाही. दोन घरांतली ओढाताण पहिल्यांदा लेकराच्या अंगावर येते. माझं मत विचाराल तर त्यानं तुमच्या मांडीवर बसून महालक्ष्म्यांची कहाणी ऐकावी आणि आईच्या कुशीत चक्रधरांच्या लीळा. उपदेश घ्यायचा की मुखवटे मांडायचे, ते त्यानं मोठं झाल्यावर बघावं. तुमच्यामागं मुखवटे कोण मांडेल याचं उत्तर कदाचित तिथे मिळेल, कदाचित नाही मिळणार, आणि त्यासाठी आत्ता सुनेला धारेवर धरून काही साधणार नाही. बाळंतपणाला ती माहेरी गेली की तुम्ही बघायला जालच. विहीणबाईंना विचारा, बारशाला त्यांच्याकडे काय करतात, आणि त्यात आजीनं काय आणायचं असतं.