पाच वर्षं भरायला पाच महिने उरलेत, आधी नोटीस पाठवा

ताई, तुमचा मेसेज दोनदा वाचला. मोशीचा फ्लॅट दोन वर्षांपूर्वी रिसेलमध्ये घेतला, पहिल्या मालकाला पझेशन मिळून 4 वर्षं 7 महिने झालेत, दोन्ही पावसाळ्यात मुलांच्या बेडरूमची बाहेरची भिंत ओली झाली, बिल्डरच्या सुपरवायझरने दोनदा पुट्टी मारून रंग दिला आणि आता ऑफिसवाले म्हणतात तुम्ही आमचे कस्टमरच नाही, वॉरंटी एक वर्षाची होती, सोसायटीला सांगा. तिन्ही उत्तरं चुकीची आहेत, आणि असं सांगून लोकांना परत पाठवतात याचा मला खरंच राग येतो.

रेरा, म्हणजे बिल्डर आणि घर घेणाऱ्यांसाठीचा कायदा, त्याचं कलम 14(3) बघा. स्ट्रक्चरमधला दोष असो की कामाचा, क्वालिटीचा, पझेशनपासून 5 वर्षांच्या आत बिल्डरच्या निदर्शनास आणला तर त्याने 30 दिवसांत, एक पैसा न घेता दुरुस्त करून द्यायचा, नाही दिला तर भरपाई. एक वर्षाची वॉरंटी कुठल्या ब्रोशरमध्ये छापली असेल तर असू दे, कायद्याची मुदत त्याने कमी होत नाही. कस्टमर नाही म्हणतात त्याचं उत्तर कलम 2(ड) मध्ये आहे, ज्याने नंतर खरेदीने फ्लॅट घेतला तोही अलॉटीच, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने बिल्डरकडून फ्लॅट मिळालेला ग्राहकच, फक्त भाडेकरू त्यात येत नाही. आणि सोसायटी झाली, कन्व्हेयन्स झालं म्हणजे मालकी रीतसर नावावर करून दिली तरी ही जबाबदारी संपत नाही, हे कलम 11(4) मध्येच स्पष्ट लिहिलंय.

पण 5 वर्षं तुमच्या खरेदीपासून मोजू नका हं. पहिल्या मालकाच्या पझेशन लेटरवरची तारीख धरा, म्हणजे तुमच्याकडे पाच महिने आहेत. ते लेटर त्यांच्याकडून आजच मागून घ्या. सुपरवायझरला केलेले फोन आणि व्हॉट्सॲप ठेवा जपून, पण त्यावर विसंबू नका, उद्या तो माणूस नोकरी सोडून गेला तर कोणाला काय कळवलं याचा वाद होईल. कंपनीच्या रजिस्टर्ड पत्त्यावर स्पीड पोस्टने आणि ईमेलने लेखी कळवा: फ्लॅट नंबर, पझेशनची तारीख, कुठली भिंत, कधीपासून, आधी दोनदा काय केलं, आणि कलम 14(3) प्रमाणे 30 दिवसांत दुरुस्त करा. पोस्टाची पावती आणि डिलिव्हरीचा प्रिंट फाईलला लावा.

फोटोत मला कॉलमजवळ उभी भेग दिसली. तिथे पुट्टी आता कोणालाही मारू देऊ नका. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी रेघ मारून बाजूला तारीख लिहा आणि मोजपट्टी शेजारी धरून फोटो काढा, महिन्याने भेग रेघेच्या पुढे गेली तर ते आपोआप दिसेल. भिंतीवर बोटाने ठोकून बघा, पोकळ आवाज आला किंवा तांबूस डाग दिसला तर आतली सळई गंजत असण्याची शक्यता आहे, मग एखाद्या लायसन्स असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरचा रिपोर्ट घ्याच. नुसती प्लास्टरची केसासारखी भेग असेल तर ती स्ट्रक्चरल नसेलही, पण काम खराब केलंय हेसुद्धा कलमात येतंच.

एक विचारते, पहिल्या मालकाने किंवा तुम्ही त्या भिंतीला खिडकी, ग्रिल, एसीसाठी भोक असं काही केलंय का? बिल्डर पहिला बोट तिकडेच दाखवेल. केलं असेल तर मला खरं सांगा, लपवू नका.

30 दिवसांत काम झालं नाही तर महारेराकडे, म्हणजे रेरा कायद्याखालच्या महाराष्ट्राच्या प्राधिकरणाकडे, ऑनलाईन तक्रार करता येते, फी 5000 रुपये. दुरुस्तीचा आदेश महारेरा देते, भरपाईचा आकडा मात्र ॲडज्युडिकेटिंग ऑफिसर, म्हणजे त्यासाठी नेमलेला वेगळा अधिकारी, ठरवतो, म्हणून दोन्ही हवं असेल तर अर्ज तसा नीट करावा लागतो. बाहेरची भिंत कॉमन असल्यामुळे सोसायटीलाही ठराव करून सोबत घेता आलं तर फार बरं, वरच्या-खालच्या फ्लॅटमध्ये ओल येतेय का ते रविवारी जाऊन विचाराच. ग्राहक आयोगाचा रस्ताही आहे, तिथे कारण घडल्यापासून 2 वर्षांत जावं लागतं, तुमचा पहिला पावसाळा धरला तर ती मुदत जवळ आलीय.

आणि दुरुस्तीनंतर बिल्डर 'आता काही तक्रार नाही' असा कागद पुढे करेल. एक पावसाळा जाईपर्यंत त्यावर सही करू नका. नोटिशीचा मसुदा करून पाठवा, मी बघून देते.