मेल आणि फाइली सांकेतिक रूपात लपवणाऱ्या पीजीपीमध्ये भेद्यता सापडली होती म्हणे. मग ई-मेल आणि फाइली एन्क्रिप्ट करणं बंद करावं का?

नाही. तुम्ही ज्या 'एफेल' नावाच्या भेद्यतेबद्दल वाचलंय, त्यात पीजीपीचं गणित कोणी फोडलेलं नाही. मे २०१८ मध्ये म्युन्स्टर, बोखुम आणि लूव्हेनच्या संशोधकांनी दाखवलं ते वेगळं होतं. हल्लेखोर तुमचा पळवलेला एन्क्रिप्टेड मेल घेतो, त्याच्या आधी एक चित्राचा टॅग घालतो, त्यातलं अवतरणचिन्ह मुद्दाम उघडं ठेवतो आणि तो मेल तुम्हालाच पाठवतो. तुमचा मेल प्रोग्राम मधला भाग उलगडतो, सगळे तुकडे सलग जोडतो आणि तो मजकूर चित्राचा पत्ता समजून हल्लेखोराच्या सर्व्हरकडे धाडतो. थंडरबर्ड आणि अ‍ॅपल मेल या सापळ्यात सापडले होते.

मी तेव्हा एका कार्यालयाचे मेल सांभाळत होते. बातमी येण्याच्या कितीतरी आधीपासून मी सांगत होते की मेल साध्या मजकुरात वाचा, बाहेरची चित्रं आपोआप उतरू देऊ नका. आमच्या वरिष्ठांना ते अजिबात पटत नव्हतं, का, तर सहीखालचा लोगो दिसत नाही. बातमी आली आणि हेच सर माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, "पीजीपी फुटलं, सगळ्यांच्या मशीनवरून काढून टाका." मी म्हटलं, "सर, मेल प्रोग्राममधलं पीजीपीचं प्लगइन थोडे दिवस बंद ठेवू, मेल बाहेर काढून वेगळा उलगडू, आणि एचटीएमएल, म्हणजे मेल चित्रं-सजावटीसकट दाखवणं, बंद करू." इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेचा सल्लाही प्लगइन तात्पुरतं बंद ठेवण्याचाच होता. सरांनी त्यातलं 'बंद' तेवढं घेतलं. एचटीएमएल तसंच राहिलं, लोगोही राहिला, आणि पगारपत्रकं, करार, लोकांच्या ओळखपत्रांच्या प्रती उघड्या अटॅचमेंटमधून जायला लागल्या. दुरुस्त्या आल्या, मी आठवण करत राहिले, पण नोकरी सोडेपर्यंत तो कारभार बदलला नाही. ज्यांची कागदपत्रं होती त्यांना कोणी विचारलंसुद्धा नाही, याची मला आजही चीड येते. एफेलसाठी हल्लेखोराला आधी मेल पळवावा लागतो, मग तुमचा प्रोग्राम फसावा लागतो. एन्क्रिप्शनच काढलंत तर मेल पळवला की काम झालं.

दुसरा एक प्रकार होता, सायफरटेक्स्टमध्येच, म्हणजे एन्क्रिप्ट झालेल्या मजकुरातच, फेरफार करण्याचा. तो पकडायला ओपनपीजीपीच्या, म्हणजे पीजीपीच्या खुल्या नियमावलीच्या, २००७ च्या मानकात एमडीसी नावाची तपासणी होतीच. त्या मानकावर चालणारा जीएनयूपीजी हा मोफत प्रोग्राम इशारा द्यायचा, पण उलगडलेला मजकूरही हातात द्यायचा, आणि काही मेल प्रोग्राम इशाऱ्याकडे दुर्लक्ष करून तो दाखवायचे. जून २०१८ च्या २.२.८ आवृत्तीपासून तपासणी नसेल तर जीएनयूपीजी सरळ चूक दाखवून थांबतं.

फाइलींचं म्हणाल तर कमांड लाइनवर फाइल उलगडताना चित्र आणायला धावणारं तिथे कोणी नसतं, त्यामुळे एफेलची फारशी धास्ती नको. फार जुन्या फाइलींत ती तपासणी नसू शकते, त्या नव्या आवृत्तीत अडतील. तुमच्याच डिस्कवर सुरक्षित पडून असतील तर इशारा डावलून एकदा उलगडा आणि नव्याने एन्क्रिप्ट करा. कोणाकडून आलेली फाइल अडली तर मात्र जबरदस्ती करू नका, पुन्हा मागवा.

जीएनयूपीजी धुतल्या तांदळासारखं आहे असंही माझं म्हणणं नाही. जानेवारी २०२१ मध्ये त्याचं एन्क्रिप्शनचं काम करणाऱ्या लिबजीक्रिप्ट या लायब्ररीच्या १.९.० आवृत्तीत नुसता डेटा उलगडतानाच मेमरीत भलतीकडे लिहिलं जाण्याची चूक निघाली होती. १.९.१ लगेच आली. तेव्हा अपडेट टाळू नका.

आणि पीजीपीऐवजी एस/माइम हे मेल एन्क्रिप्ट करण्याचं दुसरं मानक वापरत असाल तर माझं वरचं 'नाही' इतकं ठाम धरू नका. त्याच्या सीबीसी नावाच्या जुन्या एन्क्रिप्शन पद्धतीत फेरफार पकडणारी तपासणीच नव्हती. २०१९ च्या ४.० आवृत्तीत अशी तपासणी असलेलं एईएस-जीसीएम आलं, पण ते दोन्हीकडच्या प्रोग्रामना यायला हवं. तोवर एचटीएमएल आणि बाहेरची चित्रं बंद ठेवा, समोरच्यांनाही ठेवायला लावा, लोगो दिसो न दिसो. एकच मेल पाचजणांना गेला असेल तर त्यातल्या एकाचा प्रोग्राम कच्चा असला तरी हल्लेखोराला पुरतं.