जुन्या छोट्या ट्रॅक्टरचं स्टेअरिंग निघत नाही, हातोडा मारू का?

तुम्ही लिहिलंय की कुळागरातल्या (पोफळीच्या बागेतल्या) जुन्या ट्रॅक्टरचं स्टेअरिंग तडकलंय, नवीन आणून ठेवलंय, पण नट काढूनही जुनं जागचं हलत नाही, आणि शेजारी म्हणतात शाफ्टवर, म्हणजे स्टेअरिंग ज्यावर बसतं त्या दांड्यावर, दोन घाव घाला.

नका घालू. माझं कुळागर सावईवेऱ्याला, ट्रॅक्टर वडिलांच्या वेळचा, १८ एचपीचा. आमच्याकडे आलेल्या मिस्त्रीने हेच केलं. स्टेअरिंग निघालं, पण शाफ्टचे आटे चेपले आणि पुढच्या आठवड्यात चार बोटं प्ले आला, म्हणजे स्टेअरिंग तेवढं फिरलं तरी चाकं हलेनात. शाफ्ट खाली स्टेअरिंग बॉक्सात जातो, तिथे तो बेअरिंगच्या छर्ऱ्यांवर फिरतो. वरचा घाव थेट त्या छर्ऱ्यांवर बसतो आणि ते आपल्या वाटीत खड्डे पाडतात. पोफळीच्या दोन ओळींत जेमतेम ९ फूट जागा असते, तिथे चार बोटं प्ले म्हणजे पोफळीची साल गेलीच. शेवटी बॉक्स उघडून बेअरिंग बदलावं लागलं.

आता काढायचं कसं. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा, मधल्या हॉर्नच्या बटणाला करंट असतो. नट पूर्ण काढला असेल तर परत चढवा, शाफ्टच्या टोकाबरोबर येईल इतकाच. आटे वाचतात, आणि स्टेअरिंग एकदम सुटलं तर तोंडावर येत नाही. मग गंज सोडवायचं तेल शाफ्ट आणि बोश (स्टेअरिंगचा शाफ्टवर बसणारा मधला लोखंडी भाग) यांच्या फटीत सोडा, रात्रभर ठेवा, सकाळी पुन्हा सोडा. आपल्याकडे पावसाळ्यात स्टेअरिंगच्या मधल्या टोपीखाली पाणी साचतं, त्यामुळे गंज आतपर्यंत गेलेला असतो, एका तासात काही होत नाही.

दुसऱ्या दिवशी पुलर लावा, म्हणजे पायांनी पकडून मधल्या बोल्टने ओढून काढायचं हत्यार. गॅरेजवाल्याकडून एका दिवसाला मागून आणा. पाय बोशच्या लोखंडाखाली अडकवायचे, प्लास्टिकच्या आऱ्यांना नाही. बोल्ट ताणून ठेवा आणि दहा मिनिटं थांबा. तरी नाही सुटलं तर बोशभोवती फडकं गुंडाळून त्यावर उकळतं पाणी ओता. गॅसची ज्योत नको, बऱ्याच छोट्या ट्रॅक्टरांची डिझेलची टाकी तिथून हातभर अंतरावर असते. हातोडा वापरायचाच तर बोशला आडवा: एका बाजूला जड हातोडा टेकवून धरा, समोरच्या बाजूने छोट्याने टोला द्या. माझं दुसऱ्यांदा काढताना असंच सुटलं, मोठा कट्ट आवाज झाला आणि स्टेअरिंग हातात आलं.

नवीन चढवायच्या आधी दाते मोजा. डोळ्यांनी मोजताना हमखास चूक होते. शाफ्टच्या दात्यांवर कागदाची पट्टी एकच वेढा गुंडाळा आणि वरून पेन्सिल घासा, रेघा उमटतात, त्या सावकाश मोजा. माझे ३६ निघाले, दुकानात ४०चं देत होते आणि "थोडं ठोकलं की बसेल" म्हणत होते. तसं बसवलेलं स्टेअरिंग एखाद दिवशी उतारावर रिकामं फिरेल, मग काय करणार? शाफ्ट सरळ आहे की वर निमुळता होत जातो तेही बघा. निमुळत्यावर सरळ भोकाचं बसल्यासारखं वाटतं, पण धरत नाही. तुमच्या शाफ्टला दात्यांऐवजी चावी (खाचेत बसणारा लोखंडी तुकडा) असेल तर चावीची रुंदी मोजून न्या आणि चावी नवीनच घ्या. कागदाची ती पट्टी आणि जुनं स्टेअरिंग, दोन्ही दुकानात घेऊन जा. आणलेलं जुळत नसेल तर बदलून आणा, लेथवर भोक वाढवत बसू नका.

बसवताना शाफ्ट तारेच्या ब्रशने चकचकीत करा आणि अगदी पुसट ग्रीस लावा. पुढची चाकं जॅकवर उचला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत किती फेरे होतात ते मोजा आणि बरोबर मध्यावर थांबा. तिथे आरे सरळ ठेवून स्टेअरिंग चढवा. वाकडं वाटलं तर उचलून एक दाता सरकवा, पुढच्या चाकांच्या टाय रॉडला (जोडदांड्याला) हात लावू नका. स्प्रिंग वॉशर आणि नट नवीन घाला. आवळताना कोणाला तरी स्टेअरिंगची रिंग घट्ट धरायला सांगा. टोकापर्यंत फिरवून अडकवून आवळलं तर सगळा जोर खालच्या जोडांवर जातो.

पहिला एक तास काम झालं की नट पुन्हा आवळा, निमुळत्या शाफ्टवर तो थोडा बसतो. दुसऱ्या दिवशी परत बघा. टोपी हरवली असेल तर सायकलच्या ट्यूबचा तुकडा ताणून बांधा, मी मिरगाच्या आधी दरवर्षी तो बदलतो.