ट्रकभर कौलं आणि वाळवंटातली खोली

प्रश्न : ताई, नमस्कार. मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालो, गाव बेळगावकडच्या खानापूर तालुक्यात. जैसलमेरकडं दोन वर्षं काढली, तिथला एक जोडीदार अजून भावासारखा आहे. त्याच्या ढाणीवर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, थंडीचे दोन-तीन महिने राहायला बारा बाय चौदाची एक खोली बांधायचं दोघांनी ठरवलंय. उन्हाळ्यात त्याचे आई-वडील वापरतील. सिमेंट नको, मातीचीच पाहिजे. आमच्या घराची मातीची भिंत साठ वर्षं उभी आहे की! तशीच बांधून वर खानापुरी कौलं घालावी म्हणतोय, ट्रकवाला ओळखीचा आहे. मुलगा म्हणतो, सरळ पत्रा मारा. काय करू?
— माजी सैनिक, खानापूर तालुका

उत्तर : सुभेदारसाहेब, आधी ट्रकवाल्याला नको म्हणून सांगा. कौल ही पावसाची वस्तू. तुमच्याकडं चार महिने कोसळणारं पाणी उतरवायला उतार लागतो, म्हणून कौल. जैसलमेरचा वर्षाचा पाऊस दोनशे मिलिमीटरच्याही आत. तिथं छपरानं ऊन अडवायचं असतं. पातळ कौल सकाळी दहालाच तापणार, आणि आंधी आली की फटीतून रेती थेट ताटात. पत्र्याबद्दल मी काही लिहीत नाही. चिरंजीवांना मे महिन्यात एक दुपार पत्र्याखाली जेवायला बसवा.

घर न्यायचंच असेल तर तुमच्या तालुक्यातलं नको, माझ्या माहेरचं न्या. माहेर अथणीकडचं, कोरडवाहू. आजीचं घर धाब्याचं : दोन हात रुंद मातीच्या भिंती, वर तुळया, त्यावर फांद्या-पाला आणि वीतभर पांढरी माती. उजेडाला छतात एक भोक, त्याला आम्ही साणं म्हणायचो. पाऊस आला की आजी त्यावर घमेलं पालथं घालायला मलाच वर पिटाळायची. वैशाखातल्या दुपारी अंगणात पाय ठेववत नसे आणि आत आजी गोधडी शिवत बसलेली. रात्री मात्र सगळं घर माळवदावर झोपायला. का, ते मला इंजिनिअरिंगला गेल्यावर कळलं. जाड मातीतून ऊन आत पोचायला दहा-बारा तास लागतात. दुपारची धग भिंत रात्री आत सोडते. तुमच्या जोडीदाराच्या आई-वडिलांना उन्हाळ्यात खाट बाहेरच टाकावी लागेल. तुम्ही जाणार थंडीत, तेव्हा रात्री हीच भिंत तुम्हाला ऊब देईल. दीड फुटापेक्षा बारीक करू नका.

छपराला लाकूड शोधत फिरू नका, आणि खेजडीचं, म्हणजे तिकडच्या शमीचं, तर मनातही आणू नका. तिकडं जोधपुरी दगडाच्या लांब पट्ट्या मिळतात, त्या भिंतीवर टाकायच्या. वर मातीचा थर, त्यावर चुना चोपून गच्च करायचा आणि दरवर्षी पांढरा हात द्यायचा. पांढरं छत बरंचसं ऊन परत फेकतं. रुंदी बारा फूट आहे, तेव्हा पट्टीला मध्ये आधार लागेल का, हे तिथल्याच मिस्त्रीला विचारा. दगड त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतो.

खिडकी मोठी एकच, दक्षिणेला. आपल्याकडं जूनमध्ये भर दुपारचा सूर्य किंचित उत्तरेला कलतो. जैसलमेर कर्कवृत्ताच्या वर आहे, तिथं तो बाराही महिने दक्षिणेकडंच. डिसेंबरात दुपारी जेमतेम चाळीस अंशांवर येतो, म्हणजे ऊन पार खाटेपर्यंत. जूनमध्ये जवळजवळ डोक्यावर असतो, तेव्हा दीड फुटाचा छज्जा पुरतो. पश्चिमेची भिंत कोरी ठेवा.

पाऊस कमी म्हणून पाया उथळ ठेवाल, ते मात्र करू नका. ऑगस्ट 2006 मध्ये शेजारच्या बाडमेर जिल्ह्यात कवास गाव पाण्यात गेलं. खाली जिप्समचा थर, पाणी मुरेना, कित्येक दिवस तसंच साचून राहिलं. मातीच्या भिंतीचे पाय भिजले की ती बसलीच. जमिनीवर दोन फूट दगडी जोतं घ्या आणि जागा उंचवट्यावरची निवडा.

आता माझी फजिती. तीस वर्षांपूर्वी अथणीजवळ स्वतःच्याच शेतावर मातीची खोली बांधली. विहिरीचं पाणी मचूळ होतं, तेच चिखलाला वापरलं. इंजिनिअर ना मी! दुसऱ्या उन्हाळ्यात भिंतीला खालून लोणा लागला, पांढरी बुरशी आल्यासारखा. गिलावा पापुद्र्यांनी गळायला लागला. गडी म्हणाला, "अक्का, पाणी चाखून बघायचं की." वाळवंटात खारं पाणी जागोजागी. चिखलाला टांक्यातलं, म्हणजे साठवलेलं पावसाचं पाणी घ्या. टांकं आधी, खोली मागून.

माती जोडीदाराच्या शेतातलीच चालेल का, हे इथं बसून सांगता येत नाही. काचेच्या बाटलीत अर्धी माती, उरलेलं पाणी आणि चिमूटभर मीठ घालून जोरात हलवायला सांगा. (मीठ फक्त बाटलीत, भिंतीत नव्हे.) दोन दिवस बाटली हलवू नका. तळाशी रेती बसेल, मध्ये गाळ, वर चिकणमाती. चिकणमाती पाचवा हिस्सा असली तर उत्तम. फारच कमी निघाली तर तिथल्या तळ्याचा गाळ मिसळावा लागेल, आणि जास्त निघाली तर रेतीला तिकडं तोटा नाही. तिन्ही थर पट्टीनं मोजून कळवा, विटांचं प्रमाण मग सांगते.